खलाशाची जबानी आणि आपली रद्दी

लंडनच्या ॲडमिरल्टी कोर्टात, म्हणजे समुद्रावरच्या तंट्यांच्या न्यायालयात, सतराव्या शतकात एखादा खलाशी साक्षीला आला, की खटल्याचं बोलण्याआधी त्याला त्याच्याबद्दलच बरंच काही विचारलं जाई. नाव, वय, जन्माचं गाव, सध्याचा मुक्काम, पोट कशावर चालतं. वादीला किती वर्षं ओळखतोस, प्रतिवादीला किती. साक्षीला यायला कोणी सांगितलं, त्याचे पैसे मिळाले का, मिळायचे आहेत का. आणि एक अगदीच भोचक प्रश्न असे: सगळं देणं फेडल्यावर तुझ्या गाठीला किती उरेल? यावर ‘काही नाही’ किंवा ‘दोन-चार पौंड’ असली उत्तरं येत. कारकून ते लिहून घेई. शेवटी खलाशी खाली सही करी. सही येत नसेल तर आद्याक्षरं किंवा नुसती खूण.

प्रश्न विचारणाऱ्यांना खलाशाच्या आयुष्यात रस होता, असं कोणी समजू नये. साक्षीदार फितवलेला आहे का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पण त्या संशयी चौकशीमुळे वॉपिंग, स्टेपनी, रॅटक्लिफ, लाइमहाउस अशा थेम्सकाठच्या वस्त्यांतली हजारो माणसं कागदावर आली. एरवी त्यांची नावं चर्चच्या नोंदवहीत तीनदा लागली असती: बाप्तिस्मा, लग्न, दफन. समुद्रात मेला तर दोनदाच.

या कागदांकडे बोट दाखवून मला आपल्याकडच्या एका रिवाजाविषयी भांडायचं आहे. निकाली निघालेल्या खटल्यांचे कागद मुदत भरली की नष्ट करायचे, हा तो रिवाज. त्यात निकालपत्र आणि हुकूमनामा जपण्याकडे कल असतो. ज्यांत माणसं बोलतात ते जबाब, अर्ज, उलटतपासण्या आधी बाहेर जातात. ही उतरंड मला उलटी वाटते.

इंग्लंडमधल्या इतर बऱ्याच न्यायालयांत असे कागद मुळात तयारच होत नव्हते. कॉमन लॉच्या, म्हणजे रूढी आणि जुन्या निवाड्यांवर चालणाऱ्या कायद्याच्या, न्यायालयात साक्षीदार ज्यूरीपुढे तोंडी बोले, ज्यूरी ऐके आणि निर्णय देई. बोललेलं हवेत विरून जाई. चौदाव्या शतकात उभं राहिलेलं ॲडमिरल्टी कोर्ट रोमन दिवाणी कायद्याच्या पद्धतीने चाले. पैशाच्या दाव्यांत तिथे ज्यूरी नव्हती. साक्षीदाराला एकांतात बसवून आधीच लिहून ठेवलेले प्रश्न विचारायचे, उत्तरं उतरवून घ्यायची आणि ती वाचून न्यायाधीशाने निकाल द्यायचा. मधला प्रजासत्ताकाचा काळ सोडला तर कोर्टाची औपचारिक भाषा १७३३ पर्यंत लॅटिन होती. खलाशाची जबानी मात्र इंग्रजीत. सोळाव्या शतकापासूनचे जबान्यांचे हे जाडजूड खंड आज लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. म्हणजे खलाशाचं बोलणं टिकलं ते कोणाच्या कळवळ्यामुळे नव्हे, कामकाजाच्या पद्धतीमुळे. आणि पुढे ते कोणी रद्दीत घातलं नाही म्हणून.

खलाशी या कोर्टाची पायरी चढे ती बहुधा पगारासाठी. कॉमन लॉच्या न्यायालयात प्रत्येकाला वेगळा दावा लावावा लागे. इथे जहाजावरचे सगळे मिळून एकच दावा लावू शकत, खर्च वाटून घेऊ शकत. शिवाय मालक हाती लागत नसला तरी जहाज हाती लागे. मुख्य डोलकाठीला वॉरंट लागलं, की जहाज अटकेत. आजही जगभर चालणारी ही तरतूद फाटक्या माणसाच्या हाती दिलेलं केवढं मोठं हत्यार आहे, याचा कायद्याच्या पुस्तकात फारसा गवगवा होत नाही.

पगार तरी किती? नौदलातल्या कसलेल्या खलाशाचा पगार १६५३ साली महिना २४ शिलिंग ठरला आणि १७९७ सालच्या नौदलातल्या खलाशांच्या बंडापर्यंत तो तेवढाच राहिला. व्यापारी जहाजांवर शांततेच्या काळात २५ शिलिंगांच्या आसपास मिळत. युद्ध लागलं आणि नौदलाच्या टोळ्या माणसं धरून न्यायला लागल्या, की भाव दुप्पट होई. १६९६ पासून प्रत्येकाच्या पगारातून महिना ६ पेन्स ग्रिनिचच्या खलाशी रुग्णालयासाठी कापले जाऊ लागले. ते रुग्णालय नौदलाच्या जखमी-म्हाताऱ्यांसाठी होतं. पैसे मात्र व्यापारी खलाशाचेही कापले जात.

त्याहून वाईट नियम वेगळाच होता. जहाजाला मालाचं भाडं मिळालं तरच खलाशाला पगार. जहाज बुडालं, शत्रूने पकडलं, माल पोचलाच नाही, की भाडं गेलं आणि त्यासोबत दीड-दोन वर्षांची मजुरीही. यामागचा युक्तिवाद असा, की पगाराची हमी दिली तर खलाशी वादळात जहाज वाचवायला जिवाचं रान करणार नाही. जहाज बुडताना खलाशाचा जीवही पाण्यातच असतो, हे युक्तिवाद करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. हा नियम इंग्लंडमध्ये १८५४ च्या कायद्याने गेला. तोवर न्यायालयं त्याला आतून खिंडारं पाडत राहिली. १७९८ ते १८२८ या काळात ॲडमिरल्टीचा न्यायाधीश असलेल्या विल्यम स्कॉटने, म्हणजे लॉर्ड स्टोवेलने, १८११ साली स्पष्ट सांगितलं की जहाजाची एक फळी जरी शिल्लक असेल तरी तिच्यावर खलाशाच्या पगाराचा हक्क इतर सगळ्यांच्या आधीचा. स्टोवेल काही दयेचा सागर नव्हता. अँटिग्वाची ग्रेस नावाची गुलाम बाई इंग्लंडात राहून परत गेली, तेव्हा ती पुन्हा गुलामच ठरते, असा १८२७ चा निकाल याच माणसाचा.

पगाराच्या या दाव्यांत जगणं कसं सापडतं, ते जरा सांगायला हवं. कारण माझा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. जबानी म्हणजे सत्य नव्हे. खलाशी कप्तानाला राक्षस ठरवतात, कप्तानाचे साक्षीदार खलाशांना दारुडे आणि कामचुकार म्हणतात. दोन्ही बाजूंना वकिलांनी पढवलेलं असतं. कारकून ‘मी’चा ‘सदर साक्षीदार’ करून टाकतो, शिव्या सौम्य करतो, वाक्यं एकाच साच्यात ओततो. शिवाय भांडण झालं तरच कागद होतो. सुखरूप गेलेल्या, वेळेवर पगार मिळालेल्या सफरी या खंडांत शोधून मिळायच्या नाहीत. हे सगळं खरं.

पण भांडणाऱ्या दोन बाजू ज्या गोष्टींवर भांडत नाहीत, तिथे पाहावं. मालाची नासाडी खलाशांच्या हलगर्जीपणाने झाली की गळक्या जहाजाने, यावर रणकंदन होईल. नासाडीचे पैसे खलाशांच्या पगारातून कापण्याचा प्रघात दोघंही गृहीत धरतात. मेलेल्या खलाशाच्या पगाराचा वारस कोण, यावर वाद होईल. त्याचे कपडे आणि पेटी डोलकाठीपाशी लिलावाला निघाली आणि सोबत्यांनीच ती विकत घेतली, हे कोणी नाकारत नाही. कप्तानाने मारलेला फटका ‘वाजवी’ होता का, एवढाच प्रश्न असतो. फटका मारण्याचा त्याचा अधिकार सगळ्यांना ठाऊक असतो. आपल्या पेटीत थोडा स्वतःचा माल न्यायचा, परदेशी बंदरात विकायचा आणि तुटपुंज्या पगाराला जोड द्यायची, ही खलाशांची रीतही अशीच बोलता बोलता कळते. कोणाला मुद्दाम सांगायची नव्हती म्हणून तर ती भरवशाची.

स्वतःच्या हाताने आयुष्य लिहून ठेवणारा खलाशी विरळा. एडवर्ड बार्लो हा त्यांपैकी एक. मँचेस्टरजवळच्या प्रेस्टविचला १६४२ साली गरीब घरात जन्मलेला, १६५९ साली समुद्रावर गेलेला, डचांच्या कैदेत असताना लिहायला शिकून रोजनिशी मांडणारा. त्याने पगारातल्या कापाकापीविषयी अगदी तळतळून लिहिलं आहे. एक बार्लो सापडला म्हणून आपण हरखतो. पण त्याच्याबरोबर त्याच जहाजांवर राबणाऱ्या, न लिहिणाऱ्या माणसांपर्यंत पोचायचं तर कोर्टाच्या जबान्यांशिवाय दुसरा मार्ग जवळजवळ नाही.

आता आपल्या किनाऱ्याला थेट लागलेलं एक प्रकरण. १६९३ साली काही इंग्रज व्यापाऱ्यांनी स्पेनच्या राजाच्या परवानगीने वेस्ट इंडिजकडे जाणारी एक मोहीम काढली. जहाजं स्पेनच्या कोरुन्या बंदरात महिनोन्महिने पडून राहिली. कबूल केलेला पगार मिळेना. ७ मे १६९४ च्या रात्री ‘चार्ल्स द सेकंड’ या जहाजावरच्या माणसांनी हेन्री एव्हरीच्या नेतृत्वाखाली जहाजच पळवलं. त्याच मोहिमेतल्या, मागे राहिलेल्या इतर खलाशांनी पगारासाठी लंडनला सरळ दावा लावला. एकाच थकलेल्या पगारातून निघालेल्या या दोन वाटा. एव्हरीची वाट सप्टेंबर १६९५ मध्ये हाजींना घेऊन सुरतेला परतणाऱ्या औरंगजेबाच्या ‘गंज-ई-सवाई’ जहाजापर्यंत आली. लूट प्रचंड होती. बायकांवर अत्याचार झाले. अब्रू वाचवण्यासाठी काहींनी समुद्रात उड्या टाकल्या, असं इतिहासकार खाफीखान लिहितो. सुरतेच्या वखारीतले इंग्रज कैदेत पडले आणि कंपनीचा धंदा गळ्याशी आला.

एव्हरी सापडला नाही तो नाहीच. त्याचे काही साथीदार सापडले. जॉन डॅन नावाचा एक जण रॉचेस्टरला पकडला गेला, कारण तिथल्या मोलकरणीला त्याच्या जाकिटाच्या अस्तरात शिवलेलं सोनं लागलं. हजार पौंडांहून जास्त किमतीचं. तो माफीचा साक्षीदार झाला. ऑक्टोबर १६९६ मध्ये ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयात ॲडमिरल्टीचं सत्र भरलं आणि सरकारला भोवळ यावी असा निकाल लागला: ‘गंज-ई-सवाई’ लुटल्याच्या आरोपातून ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडलं. मोगल बादशहाला काय तोंड दाखवायचं? मग त्याच माणसांवर दुसरा खटला भरला. या वेळी मुख्य आरोप इंग्रज मालकांचं ‘चार्ल्स द सेकंड’ पळवल्याचा. तो शाबीत झाला आणि २५ नोव्हेंबर १६९६ रोजी पाच जणांना वॉपिंगच्या धक्क्यावर फाशी दिलं गेलं.

या खटल्याचा वृत्तांत तेव्हाच छापला गेला. त्यात सामान्य खलाशी बोलतात: आम्हाला जबरदस्तीने नेलं, आम्हाला कट ठाऊक नव्हता, आम्ही डेकखाली होतो. खोटं असेल, अर्धं खरं असेल; पण फासाच्या छायेत उभ्या राहिलेल्या माणसाचं बोलणं आपल्याला तीनशे वर्षांनंतर ऐकू येतं. ‘गंज-ई-सवाई’वरच्या एकाही हिंदी प्रवाशाची जबानी मात्र त्यात नाही. ना बाईची, ना हाजीची, ना जहाजावरच्या खलाशाची. त्यांना कोणी विचारलंच नाही. मोगलांच्या बाजूने आपल्याला खाफीखान मिळतो, आणि तो दरबाराच्या उंचीवरून लिहितो.

असाच फरक पुढे दोनशे वर्षं टिकला. रत्नागिरीच्या खाड्यांतले सारंग, टंडेल आणि खलाशी, गोव्याचे बटलर आणि भंडारी ब्रिटिश जहाजांवर गेले. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर अशा हिंदी खलाशांची संख्या ५० हजारांच्या पुढे होती. त्यांचे करार वेगळे, पगार गोऱ्या खलाशाच्या कितीतरी खाली, झोपायची जागा कमी. भरतीसाठी घाट-सारंगाला, म्हणजे भरतीच्या दलालाला, चिरीमिरी द्यावी लागे, ती व्याजाने काढलेली असे. हे आपल्याला कळतं ते सरकारी अहवालांतून आणि युनियनच्या निवेदनांतून, म्हणजे दुसऱ्यांनी त्यांच्यावतीने लिहिलेल्या मजकुरातून. खुद्द खलाशाचं बोलणं शोधायचं तर ते मुंबईच्या लहान न्यायालयांतल्या आणि शिपिंग मास्तरसमोरच्या तक्रारींतच असणार. नामांकित निकालांच्या जाडजूड खंडांत ते नाही. तिथे कंपन्या आणि विमेदार आहेत.

गंमत अशी, की इंग्रजांचा समुद्री कायदा आपण मनापासून घेतला. १८६१ चा इंग्लिश ॲडमिरल्टी कायदा आपल्याकडे २०१८ पर्यंत लागू होता. गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून निघालेल्या ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ जहाजाच्या खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्या उच्च न्यायालयांचे अधिकार त्या जुन्या कायद्याच्या चौकटीपुरते नाहीत असं बजावलं, आणि १ एप्रिल २०१८ पासून आपला स्वतःचा २०१७ चा कायदा अमलात आला. त्यात जहाजावरच्या दाव्यांचा जो क्रम लावला आहे, त्यात सर्वांत वर पुन्हा खलाशांचा पगारच. ही तरतूद शोभेची नाही. आयटीएफ या आंतरराष्ट्रीय कामगार महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२४ साली जगात ३१२ जहाजांवर ३,१३३ खलाशांना मालकांनी वाऱ्यावर सोडलं. त्यांत सर्वाधिक, ८९९, भारतीय. यांतले काही मुंबई उच्च न्यायालयात येऊन जहाज अटकेत ठेवायला लावतात. त्यांच्या प्रतिज्ञापत्रांत किती महिने पगार नाही, पिण्याचं पाणी कधी संपलं, घरच्या कर्जाचे हप्ते कसे थकले, हे सगळं असतं. कायदा घेतला तसा दप्तर राखण्याचा शिरस्ताही घेतला असता, तर बरं झालं असतं.

१९१७ चा कागदपत्र-नाशाचा एक छोटासा केंद्रीय कायदा आहे. उच्च न्यायालयांनी नियम करून आपल्या आणि खालच्या न्यायालयांच्या कागदांची विल्हेवाट लावावी, असं तो सांगतो. तेव्हापासून वर्गवारी लावून, मुदती घालून, बस्ते सोडून कागद काढण्याचं काम चालू आहे. काढणाऱ्यांना मी दोष देत नाही. जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात छतापर्यंत गेलेले गठ्ठे, वाळवी आणि पावसाळ्याची गळती पाहिलेल्या माणसाने ‘सगळं ठेवा’ म्हणू नये. प्रश्न काय ठेवायचं, याचा आहे. आज त्याचा निकष एकच: पुढे कायदेशीर गरज पडेल का? मालमत्तेचा हक्क सिद्ध करणारा कागद त्यात तरतो. मोलकरणीच्या चोरीच्या खटल्यातली तिची जबानी, कुळाचा अर्ज, बडतर्फ कामगाराची उलटतपासणी यांची कायदेशीर गरज संपलेली असते. ज्याच्यापाशी मालमत्ता, त्याचाच कागद टिकणार, असा हा निकष आपोआप होऊन बसतो.

याला डिजिटायझेशनचं उत्तर दिलं जातं. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ साली ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले, त्यांतले दोन हजार कोटींहून जास्त निव्वळ जुन्या-नव्या कागदांच्या स्कॅनिंगसाठी. पैसा कमी नाही. पण जे आधीच बाहेर काढलं ते स्कॅन होत नाही, आणि काय स्कॅन करायचं हेही त्याच जुन्या वर्गवारीवरून ठरणार असेल, तर यंत्राने फरक काय पडला? खासगीपणाचा आक्षेप जास्त गंभीर आहे. कौटुंबिक न्यायालयातल्या, बलात्काराच्या खटल्यातल्या जबान्या कोणाच्याही हाती पडू नयेत. त्यासाठी शंभर वर्षं बंद ठेवा. जाळून टाकणं हा गोपनीयतेचा फार आळशी मार्ग झाला.

इंग्रजांनीही सगळं ठेवलं नाही, हे सांगायला हवं. १८६० च्या दशकापासूनच्या जहाजवार खलाशी-करारांचा ढीग त्यांनाही पेलेना. राष्ट्रीय अभिलेखागाराने त्यातले १० टक्के नमुना म्हणून ठेवले, सालाच्या शेवटी ५ असलेल्या वर्षांचे ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाने घेतले, आणि उरलेल्यांचा मोठा भाग, सुमारे ७० टक्के, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाने अटलांटिकपलीकडे नेला. आपल्याकडे एवढी विद्यापीठं आहेत, इतिहासाचे एवढे विभाग आहेत. नाशाच्या यादीतले बस्ते मागणारं पत्र त्यांनी जिल्हा न्यायालयाला पाठवलं, असं मी अजून ऐकलेलं नाही. ॲडमिरल्टीच्या १६५० च्या दशकातल्या जबान्या वाचून नकलण्याचं काम २०१२ पासून ‘मरीनलाइव्ह्ज’ नावाच्या प्रकल्पात स्वयंसेवक करत आले आहेत; मोडी शिकणाऱ्या हौशी माणसांचे वर्ग आपल्याकडे गावोगाव भरतात, त्यांनाही असं काम देता येईल.

आणि हे आपल्याला परकंही नाही. वतनाच्या तंट्यात दोन्ही बाजू गोतसभेपुढे आपापला करीना मांडत: आमचा मूळपुरुष कोण, कोणत्या दुष्काळात गाव सोडलं, कोणी कोणाला मारलं, परत कधी आलो. पक्षपाती, फुगवलेले, तरीही मराठी मुलखातल्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या कुणबी-पाटलांच्या घरात डोकावायला तेच उपयोगी पडतात. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून असे कागद गोळा केले नसते, तर मराठ्यांचा इतिहास बखरी आणि लढायांपुरता उरला असता. त्या काळचे तंट्याचे कागद आपण ग्रंथांत छापतो, आणि १९८२ च्या संपानंतर कामगार न्यायालयांत उभ्या राहिलेल्या गिरणी कामगारांच्या जबानीचं काय करायचं, हे अभिलेख कक्षातल्या मुदतीच्या तक्त्यावर सोडतो. सुमारे अडीच लाख माणसं त्या संपात होती. पगार किती होता, खोलीत किती जण झोपत, गावी पैसे किती जात, संप मोडल्यावर पोट कशावर चालवलं, हे त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितलेलं आहे.

म्हणून मागणी अगदी मर्यादित आहे. नाश करायच्या खटल्यांची यादी सहा महिने आधी न्यायालयाच्या संकेतस्थळावर लावावी आणि पुराभिलेख संचालनालयाकडे पाठवावी. पगार, भाडेपट्टी, कूळ, पोटगी यांच्या दाव्यांतला ठरावीक वाटा, समजा दहातला एक, पूर्ण बस्त्यासह कायम ठेवावा, आणि तो निवडताना निकाल महत्त्वाचा होता का हे पाहू नये. विद्यापीठाने मागितलं तर उरलेलंही द्यावं. आज त्या यादीवर न्यायालयातल्याच माणसांच्या सह्या असतात. तिथे जिल्ह्यातल्या महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या एखाद्याचीही सही लागावी, आणि ‘नष्ट’च्या रकान्यावर त्याला लाल शाईने ‘थांबा’ असं लिहिण्याचा अधिकार असावा.